न खोडलेली दोन उत्तरं

१

रबराने खोडलेला कागद समोरून पाहिला तर साधाच दिसतो. तो खिडकीशी नेऊन उजेडाला तिरका धरावा लागतो. मग जिथे रबर फिरलं असेल तिथले तंतू उभे राहिलेले दिसतात, मांजराच्या पाठीवर उलटा हात फिरवल्यावर केस राहतात तसे. हलीना प्रोकोपने रूना या विद्यार्थिनीची उत्तरपत्रिका अशी तिरकी धरली.

खिडकीबाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळपासून वारा गोठलेल्या तळ्यावरचा बर्फाचा भुगा उचलून सांडवीक गावावर फेकत होता. आज रविवार उजाडला तरी शाळेच्या काचा बाहेरून चुना फासल्यासारख्या पांढऱ्या होत्या.

"दिसलं?" नील फेनविकने विचारलं. तो शाळेत इंग्रजी शिकवायचा. टोरांटोहून आलेला, गावातला त्याचा हा दुसरा हिवाळा. "शुक्रवारी मी हा पेपर चाळला होता, मिसेस प्रोकोप. एक चूक नव्हती. आज तपासायला घेतला तर हे असं."

हलीना तीस वर्षं याच शाळेत विज्ञान शिकवत आली होती. एखादी गोष्ट दिसली की लगेच तिचा अर्थ सांगायचा नाही, ही सवय तिला नोकरीने लावली की नोकरीआधीच होती, हे आता तिलाही आठवत नव्हतं.

प्रश्न जुनाच होता. 'हिवाळ्यातला किनारा' ही कविता प्रांतातली सगळी पोरं पाठ करतात. शंभर वर्षांपूर्वी जमिनी मोजायला आलेल्या एका बाहेरच्या माणसाने ती लिहिली. परीक्षेत तिची एकेक ओळ द्यायची आणि मुलांनी शेजारी पेन्सिलीने त्या ओळीतला अलंकार लिहायचा. नसेल तर 'अलंकार नाही' असं लिहायचं. ज्याचा पेपर सर्वांत चांगला, त्याला विनिपेगच्या विद्यापीठात चार वर्षं शिकायला जागा. शाळेतून एकालाच.

रूनाच्या पेपरात 'वारा म्हाताऱ्या कोळ्यासारखा खोकतो' या ओळीपुढे आता 'रूपक' होतं. 'बर्फ म्हणजे बंद दार' पुढे 'उपमा'. 'जाळी झोपली खुंटीवरती' पुढे 'अतिशयोक्ती'. अक्षर रूनासारखं काढलेलं, पण प्रत्येक शब्दाखालचा कागद उभा राहिलेला.

"मी शुक्रवारी जेवताना सगळ्यांसमोर बोलून गेलो," नील म्हणाला. "रूनाने बाजी मारली म्हणून. जीभ आवरायला हवी होती."

"मग परीक्षा मंडळाला तसं सांग. तू पाहिलायस पेपर."

"विचारून बसलोय. परवाच, दुसऱ्या एका भानगडीत. शिक्षकाच्या आठवणीवर मार्क देत नाहीत. कुणी छेडछाड केली एवढंच कळलं, तर पेपर रद्द. ज्याने केली त्याने स्वतः सांगितलं, तरच मुलीला पुन्हा बसू देतात." त्याने खिडकीकडे पाहिलं. "मंडळाचा माणूस बर्फ ढकलणाऱ्या गाडीच्या मागोमाग येणार आहे. आज दुपारी. त्याने गठ्ठा नेला की संपलं."

गेले दोन दिवस सगळे त्या गाडीची वाट पाहत होते. आता हलीनाला वाटलं, ती आली नाही तर बरं.

"पेपर कुठे होते?"

"शिक्षकखोलीच्या खणात. कुलूप नाही त्याला. मी दोन रात्री तिथेच झोपलो; काल दुपारी तळघरात गेलो तेवढाच वेळ खोली रिकामी होती."

"आणि शाळेत आपण पाचच जण."

"पाच," नील म्हणाला. "त्यातली एक तुम्ही."

२

शुक्रवारी परीक्षा झाल्यावर शाळेच्या सभागृहात हिवाळ्याच्या मध्याचं जेवण होतं. या गावातली बहुतेक घरं आइसलँडहून आलेल्या कोळ्यांची. ते या दिवशी सुके मासे लोण्याशी खातात, सुक्या आलुबुखाराच्या थरांचा केक कापतात आणि एकमेकांना कविता ऐकवतात. वादळाची बातमी आली तशी माणसं केक अर्धा टाकून घरी पळाली. आवराआवरीला जे थांबले ते अडकले: मुख्याध्यापक गिसली, कचेरी सांभाळणारी डोरीन पाकेट, स्वयंपाकघर बघणारी थोरा, नील आणि हलीना. थोरा म्हणजे रूनाची आई. रूना संध्याकाळीच घरी गेली होती, तिच्या अम्माला, म्हणजे आजीला, एकटीला ठेवता येत नाही म्हणून.

डोरीन कचेरीत हीटरवर पाय ठेवून बसली होती.

"ये. मला वाटलंच होतं पहिली पाळी माझी," ती म्हणाली. "नीलने सांगितलं असेल ना? डोरीनचा मुलगा मार्सेल दुसरा, म्हणजे डोरीनने रबर चालवलं."

"त्याने असं म्हटलं नाही."

"त्याचं तोंड म्हणत होतं. सकाळी कॉफी देताना कप असा लांबून सरकवला, जणू मला खरूज आहे." तिने पाय खाली घेतले. "ऐक हलीना. मार्सेलला ती जागा मिळाली तर मला नको आहे का? हवी आहे. शुक्रवारी नील बोलला तेव्हा माझा केक घशात अडकला, हेही खरं. पण मला उपमा आणि रूपक यांतलं काही कळत नाही. मला विचारलंस तर मी सगळ्यांपुढे एकच काहीतरी लिहिलं असतं आणि झोपले असते."

"सगळ्यांपुढे?"

"मग काय निवडून निवडून? नासवायचंय तर सगळंच नासवेन की. अर्धं कशाला ठेवू?"

हलीना उठली. दारात थांबून तिने विचारलं, "काल दुपारी तू कुठे होतीस?"

"इथेच. नील आणि गिसली तळघरात शाळा तापवणाऱ्या भट्टीशी झटत होते, तू वर झोपली होतीस, थोरा भांडी घासत होती. म्हणजे मला कुणी पाहिलेलं नाही. लिहून घे."

हलीनाने लिहून घेतलं नाही. तिच्या मनात डोरीनचं एक वाक्य घोळत होतं. ती परत शिक्षकखोलीत गेली, पेपर पुन्हा खिडकीशी धरला आणि या वेळी खोडलेल्या जागा पाहण्याऐवजी न खोडलेल्या जागा पाहायला लागली.

तशा दोनच होत्या.

३

"ही आणि ही," तिने नीलला दाखवलं. "इथला कागद गुळगुळीत आहे. रूनाने लिहिलं तेच आहे."

पहिली ओळ होती: 'स्तब्ध किनारी सरोवराला स्पर्श चांदण्याचा'. रूनाचं उत्तर: अनुप्रास. दुसरी: 'आजी उठते, ओसरीवरती इंधन आणते'. उत्तर: अलंकार नाही.

"दोन्ही बरोबर आहेत," नील म्हणाला. "पहिलीत स पुन्हा पुन्हा येतो. दुसरी साधी ओळ, मुलांना फसवायला घातलेली. ती जे करते ते सांगितलंय, बस. राहून गेल्या असतील. घाईत."

"घाईत माणूस शेवटच्या ओळी सोडतो. या मधल्या आहेत." हलीनाने खुर्ची ओढली. "समज, तुला उत्तरं नासवायची आहेत. उत्तरसूची जवळ नाही."

"ती माझ्या कोटाच्या खिशात होती. दोन दिवस कोट अंगातून काढलेला नाही."

"म्हणजे करणाऱ्याने स्वतःच्या अकलेने काम केलं. एकेक उत्तर वाचलं. बरोबर वाटलं ते खोडून चूक लिहिलं. आणि चुकीचं वाटलं ते..."

नीलच्या भुवया हळूहळू वर गेल्या. "तसंच ठेवलं. ते आधीच चुकलंय असं समजून."

"तू असतास तर ही दोनही खोडली असतीस, कारण ती बरोबर आहेत हे तुला माहीत आहे. डोरीनने काहीच न बघता सगळी खोडली असती. रूनाला स्वतःला नासवायचं असतं, तरी तिने आपलीच बरोबर उत्तरं सोडली नसती. हा माणूस कविता जाणतो. पण त्याच्या मते पहिल्या ओळीत अनुप्रास नाही, आणि दुसरीत आहे."

"दुसरीत? आजी, उठते, ओसरी, इंधन, आणते. दोन आ सोडले तर एक अक्षर दुसऱ्यासारखं नाही. असं कोण म्हणेल?"

हलीनाने त्याला गिसलीच्या शुक्रवारच्या भाषणाची आठवण करून दिली. तो दरवर्षी तेच करतो. खिशातून चिठोरं काढतो आणि पूर्वजांच्या काव्याची थोरवी वाचतो. आपल्या जुन्या कवितेत अनुप्रास म्हणजे नुसती सजावट नव्हे, तो ओळीचा खिळा आहे. आणि त्यात सगळे स्वर भावंडं धरतात, आ ला उ चालतो, उ ला ओ. नंतर त्याने नेहमीचं रडगाणंही गायलं होतं, की गावातलं हुशार पोर दरवर्षी शहर गिळतं आणि आपण टाळ्या वाजवतो.

"गिसली," नील कुजबुजला. "त्याला कुणी गेलेलं नकोच आहे."

"स्वरांचा उलगडा झाला. पहिल्या ओळीचा कुठे झालाय? स, स्त, स्प. त्यात अनुप्रास नाही असं गिसलीने कुठे म्हटलं?" हलीना उठली. "अर्ध्या निरीक्षणावर माणूस पकडायचा नसतो. चल, कॉफी प्यायला जाऊ. आणि मी काहीही बोलले तरी आश्चर्य दाखवू नकोस."

४

स्वयंपाकघरात गिसली दातांत साखरेचा खडा धरून कॉफी पीत होता. थोरा पाठमोरी उभी राहून मोठी पातेली पुसत होती. दोन दिवसांत ती बसलेली कुणी पाहिली नव्हती.

थोराचा नवरा ओलाफ तीन हिवाळ्यांपूर्वी तळ्यावरच्या बर्फातून खाली गेला. तेव्हापासून त्याचा मासेमारीचा परवाना ती चालवत होती. चार पिढ्यांचा परवाना; वापरला नाही तर सरकार काढून घेतं. पण बर्फाखाली जाळं एकट्याला घालता येत नाही. एकजण भोकातून दोरी बांधलेली फळी बर्फाखाली ढकलत राहतो, आणि दुसऱ्याने वरून तिची टकटक ऐकत चालायचं, ती थांबेल तिथे दुसरं भोक पाडायचं. ते वरून चालणं रूनाकडे होतं. गावात मजुरीला मिळण्याजोगं तरुण कुणी उरलं नव्हतं. परवाना ठेवायचा की सोडायचा, हे विचारलं की थोरा म्हणायची, बर्फ वितळू दे, मग बघू. तीनदा वितळला.

"कंटाळा आला," हलीना म्हणाली. "गिसली, तुमचा तो ओळीला ओळ जोडायचा खेळ खेळू या."

"तू?" गिसलीचा खडा पडता पडता राहिला. "तीस वर्षांत एकदा खेळली नाहीस."

"तीस वर्षांत एवढी अडकलेही नव्हते. मी ओळ देते, त्याच अक्षराने सुरू होणारी कुणीही जोडा. तुमच्या नियमाने." तिने ओळ मनात आधीच बांधून आणली होती. "स्टोव्ह पेटला, स्टूल ओढलं."

"साखर सगळी संपवली कुणी," दारातून आत येत डोरीन म्हणाली, आणि गिसलीकडे बघून हसली.

"वा. स ला स. जमलं," गिसली म्हणाला.

"जमलं नाही," थोरा म्हणाली. ती वळलीसुद्धा नव्हती. "स्ट ला स्टच लागतो. स नाही चालत, स्प नाही चालत."

"मग तूच सांग."

पातेल्यावरचा फडका फिरत राहिला. "स्टेशन गेलं, रूळ राहिले."

गावाचं स्टेशन मोडून बरीच वर्षं झाली होती. मग नीलने, हलीनाने वाटेत पढवल्याप्रमाणे, अगदी भोळेपणाने दुसरी ओळ टाकली. "आज उजाडलं, अंधुकच का?"

"आ... आ..." गिसली छताकडे बघू लागला. "अरे, आ वरून..."

"ओठ शिवून ऊन बसलंय," थोरा म्हणाली.

"आ ला ओ कसा चालेल?" गिसलीने विचारलं.

"स्वर सगळे भावंडं, गिसली. परवा तूच वाचून दाखवत होतास ना?"

"वाचत होतो खरा," गिसली म्हणाला, आणि ओशाळून हसला. "चिठोरं आजोबांच्या पुस्तकातून उतरवलेलं आहे. आमच्या घरी कोण खेळायचं? मी विनिपेगला वाढलो. थोरा, तुझी आई खेळायला बसली की तिच्यापुढे पाद्रीसुद्धा तोंड उघडत नसे."

हलीनाने कप खाली ठेवला. तिला हवं होतं ते मिळालं होतं, आणि मिळायला नको होतं असं तिला फार वाटत होतं.

५

बाकीचे सभागृहात गेल्यावर तिने दार लोटून घेतलं.

"खेळ माझ्यासाठी होता," थोरा म्हणाली. ती अजून पाठमोरीच होती. "कळलं मला. दुसऱ्या ओळीला कळलं."

"मग उत्तर का दिलंस?"

"कानात बसलेलं आहे ते. शिंक येते तसं येतं. थांबवायला गेले तोवर बोलून झालं होतं."

"काल दुपारीही तसंच झालं," हलीना म्हणाली. "तू एकेक उत्तर वाचलंस. उपमा, रूपक तुला शाळेपासून येतं, रूनाकडून तूच घोकून घेतलंस. पण दोन ओळींशी तुझा कान आडवा आला. पहिलीत स्त आणि स एका दावणीला बांधलेले दिसले. तुला वाटलं, पोरीने हे चुकवलं. दुसरीत पाच स्वर एका ओळीत वाजत होते आणि तिने लिहिलं होतं, अलंकार नाही. ती दोन उत्तरं तू तशीच ठेवलीस. दोन्ही बरोबर होती, थोरा. ती कविता तुमच्या माणसाची नाही. बाहेरच्याची आहे. तिला बाहेरचा नियम."

थोराने फडका खाली ठेवला. "मला वाटलं, नीलने नीट पाहिलंच नाही. दोन चुका असून म्हणतो एकही नाही." ती वळली. तिचा चेहरा कोरडा होता. "हे कुणाला सांगून पटेल?"

"पुरावा म्हणून कुणी घेणार नाही. मी सांगितलं तर पेपर रद्द होईल, एवढंच. तू सांगितलंस तर रूना पुन्हा परीक्षेला बसेल."

"आणि बसली की जाईल."

"हो."

"तू तळ्यावर कधी एकटी उभी राहिली आहेस का? फळी खाली टकटक करते. वर ऐकायला कुणी नसलं, तर ती कुठे गेली ते कळत नाही. दोरी हातात असते आणि पलीकडे काही नसतं." तिने हात एप्रनला पुसले, ते आधीच कोरडे होते. "मी एकच वर्ष मागत होते. एक वर्ष ती राहिली असती तर मी काहीतरी ठरवलं असतं."

"तू मागत होतीस असं मला वाटत नाही," हलीना म्हणाली. "मागितलं असतंस तर तिला नाही म्हणता आलं असतं."

तेवढ्यात दोघींच्या लक्षात आलं की वारा थांबला आहे. मग रस्त्याच्या दिशेने लोखंड घासल्याचा लांबट आवाज आला. गाडी येत होती.

सभागृहात त्या दोघी आल्या तेव्हा मंडळाचा माणूस बुटांवरचं बर्फ झटकत होता आणि नील गठ्ठा छातीशी धरून उभा होता. त्या माणसाच्या मागोमाग, स्की खांद्यावर घेऊन, रूना आत आली. नाक लाल, पापण्यांवर दव गोठलेलं. अम्माला शेजारी ठेवून ती वारा पडल्याबरोबर निघाली होती.

नीलने तिला बाजूला घेऊन सांगितलं. सगळ्यांना ऐकू गेलं, कारण सभागृह रिकामं होतं. पेपर बिघडलाय. कुणी बिघडवला ते कळत नाही. रद्द होईल.

हलीनाला वाटलं, पोर रडेल. रूनाने स्की भिंतीला टेकवल्या.

"बरं," ती म्हणाली. आवाजात काही नव्हतं, सुटकाही नाही. "आई, जाळी तीन दिवस खाली आहेत. मासे सडतील. उद्या पहाटे उचलायला हवीत."

"तू ऐकलंस का नील काय म्हणाला ते?" डोरीनने विचारलं. "अगं, काहीतरी बोल. मार्सेलला जागा मिळेल म्हणून मी नाचायला तयार होते, आणि तू माशांचं काय सांगतेस?"

"बोलून काय करू, डोरीन? आमचं कुणी ठरवतंय का काही? गेल्या वर्षी आईला परवान्याचं विचारलं, या वर्षी विचारलं. आता पुढच्या वर्षी विचारेन." तिने हातमोजे काढले, उलटे करून हीटरवर ठेवले, आणि आईकडे न बघता म्हणाली, "दोरी मात्र नवी घ्यावी लागेल. जुनी झिजलीय."

मंडळाच्या माणसाने गठ्ठ्यासाठी हात पुढे केला. नील देईना. गिसलीने घसा खाकरला. हलीना थोराकडे पाहत राहिली, प्रयोगशाळेत पाहते तशी, न हलता, मदत न करता. मदत केली असती तर ते सांगणं तिचं झालं असतं, थोराचं नाही.

थोराने एप्रनची गाठ सोडली आणि तो खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"तो पेपर मी बिघडवला," ती त्या माणसाला म्हणाली. "काल दुपारी. रबर डोरीनच्या टेबलावरचं. नाव लिहून घ्या, थोरा एरलेंडसन. मुलीला यातलं काही माहीत नाही, तिला पुन्हा बसवा."

रूनाने मान वळवली. हीटरवरच्या हातमोज्यांतून वाफ निघायला लागली होती.

"आई?"

"थांब. मधे बोलू नकोस, नाहीतर मी पुन्हा बर्फ वितळायची वाट बघेन." थोराने श्वास घेतला. मग ती मुलीसमोर जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "उद्याची जाळी आपण उचलू, ती शेवटची. परवाना मी सोडतेय."